गोड्या पाण्यात भिजत घातलेली मोटार

चाकाचा शोध लागला आणि मनुष्य पृथ्वीचा स्वामी झाला. हे वाक्य माझं नाही, आमच्या गावच्या सरपंचांचं आहे. त्यांनी ते उच्चारलं तेव्हा माझे सासरे मोटारीत बसले होते, मोटार दोन होड्यांवर फळ्या टाकून केलेल्या सांगडीवर उभी होती, सांगड खाडीच्या धक्क्याला बांधलेली होती आणि ओहोटी लागली होती.

साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. मी घाटावरची. लग्न होऊन खाडीपलीकडच्या या गावात आले त्याला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मामंजी निवृत्त मामलेदार. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नव्हती, घरातसुद्धा ते "चहाची तजवीज झाली आहे काय?" असं विचारत. पेन्शनीत आल्यावर त्यांनी कुण्या संस्थानिकाच्या मोडीत निघालेल्या सामानातून ही मोटार घेतली. काळी, लांबलचक, विलायती, वयाने माझ्याहून थोडी मोठी. गावात मोटार चालेल असा रस्ता धक्क्यापासून देवळापर्यंत, म्हणजे जेमतेम फर्लांगभर. मामंजींच्या मते सुरुवातीला तेवढा पुरे होता.

सासूबाईंना मोटारीत एकच रस. त्यांचं माहेर बांद्याचं. एवढ्या संसारात त्या माहेरी होडीने गेल्या होत्या, बैलगाडीने गेल्या होत्या, सर्व्हिसच्या गाडीत मागच्या बाकावर कोंबड्यांशेजारी बसून गेल्या होत्या. त्यांची भावजय मात्र एकदा सावंतवाडीहून टॅक्सीने बांद्याच्या बाजारात उतरली होती आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नव्हती.

"एकदा माका मोटारीन बांद्याक न्हेवा," एवढंच सासूबाईंचं मागणं.

"मोटार ही समारंभाची वस्तू आहे," मामंजी म्हणत. "पाहू."

तर मोटार गावात उतरवायचा समारंभ. सरपंच चाकावरून रथावर आणि रथावरून पुष्पक विमानावर गेले. खालून होडीवाला ओरडत होता, "सायबानू, सुकती लागली! गाडी आदी वर घेवा, मगे काय तां बोला!" मामंजींनी काचेआडून हात वर करून त्याला गप्प केलं. हार घातल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं ठरलं होतं. हार गळ्यात पडला तोवर सांगड पाण्याबरोबर बरीच खाली गेली होती आणि धक्क्याला लावलेल्या फळ्या शिडीसारख्या उभ्या झाल्या होत्या. ड्रायव्हरने जोर लावला. पुढची चाकं धक्क्याला टेकली, मागून फळ्या निसटल्या, आणि दुपारी म्हैस बसावी तशी मोटार मागच्या मागे खाडीत बसली. बँडवाल्यांची पाठ होती, ते वाजवतच राहिले.

पाणी कमरेइतकं होतं. मामंजी हारासकट खिडकीतून अर्धे बाहेर आले. "मेलंय रे मेलंय! ओढा रे माका!"

त्यांना मालवणी येते हे मला त्या दिवशी कळलं.

माणसं निघाली, मोटार निघेना. चिखलाने चाकं धरली होती. संध्याकाळच्या भरतीत ती टपासकट पाण्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला रापण ओढणारी मंडळी आपले दोर घेऊन आली आणि "होऽ हेस्सा" करत जाळं ओढावं तशी त्यांनी ती किनाऱ्याला ओढली. रापणीच्या दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा द्यायचा, अशी इथली रीत. त्यांच्या म्होरक्याने मोटारीचं मागचं दार उघडून आत पाहिलं.

"मामलेदारानू, आमचो वाटो?"

मागच्या गादीवर दोन कुर्ल्या आणि एक शेंगटी होती.

"न्हे तुझो वाटो," मामंजी क्षीण आवाजात म्हणाले.

कुडाळहून मिस्त्री आला. त्याने इंजिनाला बोट लावलं, ते जिभेला लावलं आणि मान हलवली. "लोणचा झाला. मीठ आतपर्यंत गेला. आता वाऱ्यार ठेवलास तर लोखांडाचो भुसो होतलो. भंगारात घाला."

मामंजी पडवीत जाऊन बसले. त्यानंतर चहाची वेळ आली नि गेली, त्यांनी कसल्याच तजविजीची चौकशी केली नाही. डामडौलाची मला पहिल्यापासून फारशी भीड नाही. पण हाताखाली ना शिपाई ना मोटार, असा मामलेदार पाहून वाईट वाटलं.

स्वयंपाकघरात सासूबाई वेगळ्याच विचारात होत्या. बांदा त्यांच्या हातून चाललं होतं.

"काय गो, खारो बांगडो आणलो तर आदी त्याचा काय करतंस?"

"भिजत घालते."

"कित्याक?"

"मीठ उतरायला."

त्या तडक बाहेर गेल्या. "रे मिस्त्री, गोड्या पाण्यात घाल ती. मीठ उतरात."

मिस्त्री मोठ्याने हसला. मग अर्ध्यावर थांबला. "तसा वायट नाय. पाण्याखाली आसा तवसर गंज तितको धरना नाय. माझा सामान येयसर ऱ्हवांदे."

"पाण्यातून काढलेली वस्तू पुन्हा पाण्यात?" मामंजी उठून उभे राहिले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काल बगल्यानी मा? आज आणि बगतले. आणि आयका. चालू झाली तर पयलो फेरो बांद्याक."

मामंजींनी कचेरीत म्हणत असतील त्याच आवाजात म्हटलं, "मंजूर."

आमच्या बागेतल्या तळीला म्हशींसाठी एक उतार होता. त्या उतारावरून अर्ध्या गावाने मोटार पाण्यात लोटली. म्हशी काठावर उभ्या राहून नाराजीने पाहत होत्या. सासूबाई रोज सकाळी तळीवर जाऊन, माझ्या आमटीकडे बघत त्याच डोळ्यांनी, पाण्याकडे बघत आणि म्हणत, "आणि एक पाणी व्हया." मग तळी उपसायची, झऱ्याने ती पुन्हा भरायची.

पुढे मिस्त्रीने इंजिन आमच्या खळ्यात उघडलं. त्या हंगामात चटयांवर आमसुलांच्या शेजारी पिस्टन वाळत होते. मोटारीच्या आतला लाकडी सांगाडा फुगून वेडावाकडा झाला होता. तो होड्या बांधणाऱ्या सुताराने फणसाच्या लाकडाचा नवा केला आणि सवयीने माशाचं तेल पाजलं. "पुढे होडयेसारकी नाळ लावन देव काय?" तो मामंजींना विचारी. "परत पडलास तर तरंगशात तरी." गाद्यांत काथ्या भरला, खोळी मी शिवल्या. मामंजी हळूहळू पडवीतून खळ्यात उतरले. एक दिवस पाहते तर कोट काढून, बाह्या सारून, ते रॉकेलमध्ये बोल्ट धूत होते आणि चक्क गुणगुणत होते.

मोटार एका सकाळी सुरू झाली. आधी खोकली, मग मागच्या नळीतून पाण्याची पिचकारी सुतारावर उडाली, मग धूर, आणि मग असा आवाज की कोंबड्या माडावर चढायला बघत होत्या. मिस्त्री नाचला. मामंजींनी सुताराला मिठी मारली. सासूबाईंनी पदराला हात पुसले.

"बांद्याक कदी?"

या वेळी ना बँड ना सरपंच. भर भरतीला सांगड पलीकडे गेली. सासूबाई मोटारीत न बसता शेजारच्या होडीतून आल्या आणि पक्क्या जमिनीवर पोचल्यावरच नव्या लुगड्याच्या निऱ्या सावरत मागच्या गादीवर बसल्या. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली. माशाच्या तेलाच्या वासाने माझं डोकं उठलं होतं, पण त्या वाटभर हसत होत्या. बांदा दिसलं तशा त्या पुढे वाकल्या.

"सावकाश रे. हॉर्न वाजय."

भर बाजारात मोटार थांबली. दुकानांतून माणसं बाहेर आली. "अगो बाय, ह्या कोण इला मोटारीन?" सासूबाईंनी उतरायची मुळीच घाई केली नाही. गर्दीत मागे भावजय दिसली, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

"आता खंयच्या वाटेन घेव?" ड्रायव्हरने विचारलं.

"हयच ऱ्हव."

माहेरच्या घरापर्यंत मोटारीचा रस्ताच नव्हता; पुढे भातशेतांच्या मेरेवरून चालत जावं लागे. हे सासूबाईंना जन्मापासून आणि मामंजींना लग्नापासून माहीत होतं. आम्ही चालत गेलो. सासूबाईंची ट्रंक मामंजींनी घेतली.