मंगळवारची चिनी थंडी

डहाणूत थंडी पाहुण्यासारखी येते, आठ-दहा दिवस. पण पोराला खोकला असेल तर तिचे किस्से वर्षभर साठत राहतात. स्वेटर धुऊन कपाटात जातात, किस्से जात नाहीत. माझे बहुतेक मसोलीच्या अ‍ॅक्युप्रेशर क्लासमधले. दर मंगळवारी मुलांना शाळेत सोडून आम्ही सात-आठ जणी जागृतीबेनकडे चिनी वैद्यक शिकायला बसायचो.

माझा ओम पाच वर्षांचा. थंडीत त्याच्या छातीत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी बालदमा सांगून पंप लिहून दिला. "पंपाची सवय लागते," असं घरी सासूबाई म्हणाल्या आणि क्लासात जागृतीबेन. दोघींचं एकमत झालं म्हणून मी पंप खोक्यासकट कपाटात ठेवून दिला. बी.एस्सी. आहे मी. केमिस्ट्री.

ओम आता बरा आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणी घाबरायला नको. घाबरणं हे माझं खातं आहे.

*

पहिला धडा मानेचा. थंडी वाऱ्यावर बसून येते आणि मानेच्या मागून आत शिरते. तिथे म्हणे वाऱ्याचं दारच असतं. मी ओमला मफलर, वर माकडटोपी, त्यावर स्वेटरची कॉलर असा बांधून शाळेत पाठवू लागले. चौथ्या दिवशी टीचरचा फोन.

"ओमच्या मम्मी, त्याच्या मानेवर घामोळं आलंय. जानेवारीत मी पहिल्यांदाच बघतेय."

*

नवरा तलासरीला सरकारी ऑफिसात आहे. रोज सकाळी बाइकने जातो, जॅकेटची चेन उघडी, गळा उघडा. वाऱ्याच्या दाराचं सांगितलं तर हसला. मग त्यालाही खोकला झाला. सासूबाईंनी त्याला आलं-मिऱ्याचा काढा दिला आणि मला विचारलं, "तुझं लक्ष कुठे असतं गं?" ओम खोकला तेव्हाही हाच प्रश्न होता.

दारं दोघांची, राखण माझी.

*

जीभ बघून शरीरातली थंडी कळते, हा दुसरा धडा. त्या दिवशी मी ओमला मुद्दाम सोबत नेलं होतं. जागृतीबेननी त्याला जीभ काढायला लावली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "जुओ, बघा, पांढरा थर. आत खूप थंडी साठली आहे." बायकांनी माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी च्च केलं.

ओमने पाचच मिनिटांपूर्वी दूध प्यायलं होतं, तेही फ्रीजमधलं. मला माहीत होतं. पण एवढ्या जणींसमोर फ्रीजचं दूध कबूल करण्यापेक्षा आतली थंडी परवडली.

*

चिनी शास्त्रात प्रत्येक खाण्याचा गुण ठरलेला. कलिंगड थंड, आलं गरम, अशी भिंतीवर मोठी यादी होती. दही-केळं थंड म्हणून मी ओमचं बंद केलं. तो दोन दिवस रडला. सावेकाकूंची चिकूची वाडी आहे. त्यांनी विचारलं, "चिकू थंड की गरम?" जागृतीबेननी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. चीनवाल्यांनी चिकूचं काही लिहिलंच नव्हतं.

"मग आम्ही आमच्या वाडीतलं खायचं की नाही?" काकू म्हणाल्या. दर मंगळवारी क्लासला चिकूची पिशवी त्याच आणायच्या.

जागृतीबेननी पिशवीकडे पाहिलं. "चिकू मध्यम," त्या म्हणाल्या.

*

क्लासचा हॉल झाडायला-पुसायला रानशेतची सुनंदा येते, अनवाणी. थंडी तळपायातूनही चढते हे शिकल्यावर आम्हाला तिची फार कणव आली. सगळ्यांनी मिळून तिला लोकरीचे मोजे दिले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. पुढच्या मंगळवारी ती परत अनवाणी. जागृतीबेननी कारण विचारलं.

"लादी पुसताना भिजतात, ताई. ओले मोजे तुमच्या शास्त्रात चालतात काय?"



*

मग आली किडनी. हिवाळा किडनीचा आणि किडनीची भावना भीती. किडनी श्वासाला खाली खेचून धरते. ती थंड पडली की श्वास वरच्या वर अडकतो. "आणि आईच घाबरट असेल तर मुलाच्या किडनीत गरमी येणार कुठून?" जागृतीबेननी नाव कोणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. ज्या बाईने चायनीज म्हणून आयुष्यात नूडल्सला हात लावला नाही, ती म्हणाली, "चिनी लोक हुशार, हो."

*

आणि तो मंगळवार. शाळेला सुट्टी होती, म्हणून ओम माझ्याबरोबर होता. कोपऱ्यात चित्र रंगवत होता. रंगवता रंगवता थांबला. छातीतली शिट्टी मला हॉलच्या या टोकाला ऐकू आली. जागृतीबेन म्हणाल्या, "मनगटाजवळचा पॉइंट दाब." मी दाबला. "अजून जोरात." मी दाबत राहिले. ओमच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. त्याला "मम्मी" म्हणायचं होतं, त्याला "म" पर्यंतच जमत होतं. पंप घरी, कपाटात, खोक्यात.

सावेकाकू रिक्षा बघायला खाली धावल्या.

जागृतीबेन उठल्या. खुंटीवरची पर्स काढली, आतून निळा पंप काढला. टेबलावरचा कागदी कप उचलला, पेनाने त्याच्या बुडाला भोक पाडलं, पंपाचं तोंड त्यात बसवलं आणि कप ओमच्या नाकातोंडावर धरला. हे सगळं त्यांनी भाजी निवडावी तसं, हाताकडे न बघता केलं. "श्वास घे, बेटा. हळू. अजून एक." पंपावरची अक्षरं बोटांनी घासून पुसली गेली होती.

थोड्या वेळाने ओम "मम्मी" म्हणाला. पूर्ण. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. मी त्याला उचलून दाराशी आले आणि मागे वळून पाहिलं.

जागृतीबेननी पंप पुसून पर्समध्ये ठेवला, चेन लावली, मार्कर उचलला आणि फळ्याकडे वळल्या.

"हां, तर कुठे होतो आपण?"