उत्तर आल्याशिवाय हिरवं नाही

कळंबच्या बाजारपेठेत खाली खताचं दुकान आणि वर रणधीरचं ऑफिस. तिथं आरजू शेख प्रोग्रॅम लिहिते. लिहिते कमी आणि दुसऱ्यांना अडवते जास्त, असं तिथले सगळे म्हणतात.

तिचे अब्बा, नबीलाल, मोटारींचं रिवाइंडिंग करतात. जळक्या तारांच्या वासात ती मोठी झाली. रणधीरनं मोबाइलवरून शेतातली मोटार चालू-बंद करायचं ॲप काढलं, तेव्हा लातूरचं शिक्षण संपवून ती सरळ त्याच्याकडंच आली आणि आल्या आल्या तिनं लिंटर बसवला. लिंटर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालायच्या आधी वाचून बघणारा दुसरा प्रोग्रॅम. नियम मोडला की ती ओळ लाल. त्यांची भाषा टाइपस्क्रिप्ट. तिच्यात कुठून आकडा येणार, कुठून अक्षरं आणि कुठून नुसतंच ‘उत्तर येईल’ असं आश्वासन, हे आधीच बांधून ठेवलेलं असतं. त्यामुळं लिंटरला नेमकं कळतं, की इथं हुकूम तर सोडला, पण उत्तराला कुणी थांबलंच नाही. आरजूनं त्यासाठी सगळ्यांत कडक नियम लावला होता.

“आला बाई तुझा हवालदार,” शेजारच्या टेबलावरची हर्षाली रोज कुरकुरायची. “माझ्या सासूला पण एवढ्या चुका दिसत नाहीत.”

“सासूला टाइपस्क्रिप्ट येत नाही, तुझं नशीब.”

आदल्या दिवशी आरजू रजेवर होती. सकाळी आली, तर नवीन ॲप शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेलेलंसुद्धा. तिनं कोड उघडला, खाली-वर केला आणि एका जागी तिचा हात थांबला. ‘ऑटो बंद’च्या बटणामागच्या ओळीवर कुणीतरी एक टीप चढवली होती. लिंटरा, पुढच्या ओळीकडं बघू नकोस, एवढाच त्या टिपेचा अर्थ.

“दादा, हे कुणी केलं?”

रणधीर मोबाइलमध्ये मान घालून होता. “मीच. वाशीचा डीलर येतोय आज. बटण दाबलं की गोल गोल चक्र फिरत बसतं. शेतकरी वैतागतो गं. आता बघ, दाबलं की लगेच हिरवं, काम झालं.”

“उत्तर यायच्या आधी?”

“येतंय की मागनं! कुठं पळून जातंय?”

आरजू खुर्ची फिरवून हर्षालीकडं वळली. लाइट ठरल्या वेळेलाच येते, म्हणून शेतकरी मोटार ऑटोवर टाकून ठेवतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. विहिरीत उतरायचं असेल तर मोबाइलवरून ऑटो बंद करायचं आणि उतरायचं. मोबाइलचा हुकूम पाळून उत्तर धाडणारा विहिरीवरचा डबा लाइट नसताना बॅटरीवर जागा राहतो. पण बॅटरी मेलेली असली, तर डब्याला हुकूम पोचतच नाही. लाइट आली की तो जागा होतो, जुनंच, म्हणजे ऑटोच, धरून बसतो आणि मोटार सुरू करतो.

“हर्षाली, आज ऑटो बंद कुणी कुणी केलंय ते काढ. डब्याचं उत्तर न आलेले.”

हर्षालीनं टिंगल केली नाही. बोटं चालली. “पहिलं नाव येरमाळ्याचं. हिंमतराव. उत्तर नाही.”

आरजूनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला.

“कोण हाय?” बाईचा आवाज, मागं वारं.

“मी आरजू, कळंबहून, मोटारीच्या ॲपवाली. हिंमतरावकाका कुठं आहेत?”

“हिरीत उतरल्यात की. केबलचा जोड सुटलाय, त्यो करत्यात. मी त्येंची मालकीण, लक्ष्मीबाई. फोन माझ्यापशी दिऊन गेल्यात.”

“काकू, लाइट कधी येते तुमच्याकडं?”

“आता यीलच की. पर ऑटो बंद केलंय त्येंनी. हिरवं दिसतंय.”

“ते हिरवं खोटं आहे, काकू. त्यांना तार सोडायला सांगा. आत्ताच्या आत्ता!”

फोन कानाला तसाच. लांबून लक्ष्मीबाईची हाक आली, “अवं, तार सोडा! पोरगी म्हणती, बंद न्हाय!”

आणि विहिरीच्या पोटातून घुमत, “काय बोंबलतीस? म्या सोता बघितलंय! एवढा पीळ मारू दे!”

रणधीर उठून उभा राहिला होता. 

“काकू, त्यांच्या नादी लागू नका. पेटीपाशी जा. चिनी मातीचे किटकॅट, फ्यूज हो, दिसतात का?”

“तीन हायेत.”

“तिन्ही उपसा. लाइट यायच्या आत. ओढा जोरात!”

खडखड. एक शिवी. मग, “दोन निघालं. तिसरं लई घट्ट हाय...”

“ओढा, काकू!”

काहीतरी कडक्‌न वाजलं. 

“निघालं,” लक्ष्मीबाई म्हणाली. आणि लगेच, आवाज एकदम बारीक करून, “अगं... शेजारच्या बलभीमची मोटार चालू झाली. लाइट आली गं.”

आरजूनं डोळे मिटले. 

फोनवर मग वर चढून आलेल्या हिंमतरावांचा दमलेला श्वास आला. शेजारची मोटार त्यांनीही विहिरीतून ऐकली होती. “पोरी, त्या हिरव्यावर भरवसा ठिवून म्या उगडी तार हातात धरली व्हती. आता काय करू, सांग.”

“काका, किटकॅट खिशात ठेवा. जोड झाला, परत वर आलात, की मगच लावा. मोबाइल काहीही म्हणू दे.”

“व्हय.”

खाली डीलरची गाडी थांबल्याचा आवाज आला. रणधीरनं खिडकीतून बघितलं, मग आरजूकडं. “त्याला काय दाखवू?”

“चक्र दाखवा. फिरणारं.”

“घेणार नाही तो.”

“नाही घेतलं तर नाही.”

तो कीबोर्डवर वाकला. आपली टीप त्यानं स्वतः पुसली, ओळ लाल झाली आणि नवीन ॲप त्यानं परत घेतलं. तरी ज्यांनी आधीच बटण दाबलं होतं, त्यांच्या मोबाइलवर ते हिरवं अजून तसंच होतं. हर्षालीनं पुढचं नाव वाचलं. आरजू नंबर लावत होती, आणि रणधीर, डीलरला जिन्यातच ठेवून, आपल्या फोनवर त्यापुढच्या नावाचा.