हात आधी, उत्तर मागून

प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत तिचा हात वर जायचा. उभी राहायची, छताकडे पाहायची आणि म्हणायची, "थांबा सर, येऊन राह्यलं." आम्ही सगळे थांबायचो. उत्तर बहुतेक वेळा यायचंच नाही. मग ती शांतपणे खाली बसायची आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा हात वर.

पिंपळगाव राजाच्या शाळेत मी गणित शिकवत होतो. तुमच्याही वर्गात अशी एखादी मुलगी असेल, तर तुम्हाला ती लगेच ओळखू येईल.

दहावीत ती गणितात नापास झाली आणि शाळा उघडली तशी पुन्हा वर्गात हजर. त्या वर्षी तिचा धाकटा भाऊही दहावीत आला होता. तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"काऊन लाजतं बे? नापास मी झाली, तू नाही."

वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. चाचणीत ती पुन्हा आपटली तेव्हा त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. "सर, हिले आता मशीनवर बसवतो. पोराचं तेवढं पाहा तुमी."

ती कोपऱ्यात काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "अब्बा, पहिल्या कुर्त्याले तुमी बाही उलटी लावली होती ना? उस्तादनं हाकललं काय तुमाले?"

मशीन थांबलं. "तुले कोणी सांगितलं?"

"तुमीच. दर ईदले सांगता."

मी हसू दाबलं. ते हसले नाहीत. बराच वेळ कापड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "पेपर होईस्तोवर बस शाळेत."

मग तिनं भावाला धरलं. तो भराभर उदाहरणं सोडवायचा. ती म्हणायची, "पुन्हा सांग. हे तिकडं गेलं तं वजा काऊन झालं?" त्याला सांगता यायचं नाही. मग दोघं भांडत माझ्या दारात. मी समजावलं की घरी जाऊन ती त्याच्याकडून तेच पुन्हा वदवून घ्यायची. त्यात आधी त्याचं गणित पक्कं झालं, तिचं मागून.

भाऊ चांगल्या मार्कांनी पास झाला, ती काठावर. पेढे घेऊन आली.

"सर, अकरावीले गणित घेऊ?"

"आता सुटलीस की त्यातून. आर्ट्सला जा."

"आत्ता कुठं ओळख झाली त्याची. सोडू काऊन?"

नाही म्हणायचा मला धीर झाला नाही.

बुलढाण्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. निघाली त्या सकाळी मीही स्टँडवर गेलो; वडील दुकानातून तसेच आले होते, गळ्यात टेप लोंबत होता. खिडकीपाशी उभे राहून जेवणाचं, तब्येतीचं बजावत राहिले. गाडी वळणापलीकडे गेली.

"चला सर," ते म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.