चौकशीकाका आणि काबूलचा कोवळा राजा

गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला चौकशीकाका दारातच थांबवायचे. त्याचं कार्ड घ्यायचे, पण कार्डावरच्या नंबरवर फोन करायचे नाहीत. डिरेक्टरीतून नंबर शोधून त्याच्या ऑफिसला विचारायचे. "कार्ड काय, कोणीही छापेल." तोवर तो बिचारा लंडनजवळच्या आमच्या हॅरोच्या पावसात भिजत उभा.

काका आमच्या समोर राहायचे. पेशाने इंजिनियर. फुकट मिळणारी वस्तू, कौन्सिलचं गोड भाषेतलं पत्र, माझ्या आईने केलेली स्तुती, सगळ्यावर त्यांचा संशय. मला त्यांचा भारी राग यायचा.

ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, मला इतिहासाचा मोठा निबंध होता. त्याच्या ग्रेडवर ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीतली जागा अवलंबून होती. टीव्हीवर तेव्हा रोज काबूलमधले रशियन रणगाडे दिसत, म्हणून मी काबूलचाच एक जुना राजा निवडला. अब्दालीच्या वंशातला, अगदी कोवळा. इंग्रज फौज काबूल सोडून निघाली, तेव्हा गादीवर तो मागे राहिला आणि थोड्याच दिवसांत त्याला जीव घेऊन पळावं लागलं. मी लिहिलं, 'तो दुबळा आणि भित्रा होता.'

काकांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"भित्रा? कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे, काका."

"पुस्तक कोणाचं? त्याला तिथे एकटं टाकून आले, त्यांचंच ना? त्या पोराचं स्वतःचं एक तरी वाक्य दाखव मला."

मग तीन-चार शनिवार ते मला मेट्रोपॉलिटन लाइनने लंडनच्या लायब्ररीत घेऊन गेले. सेनापतींची पत्रं झाली, अधिकाऱ्यांच्या आठवणी झाल्या. राजाचं एक वाक्य मिळेना. परतताना ट्रेनमध्ये मी वैतागून विचारलं, "पण काका, तो तुमचा कोण लागतो?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. तिथून फळा दिसायचा नाही. मास्तरांनी शेरा लिहिला, मुलगा मंद आहे. तो कागद अजून तिथे असेल."

घरी येऊन मी माझं वाक्य खोडलं. 'तो भित्रा होता की नाही, हे आपल्याला माहीत नाही,' असं लिहिलं. बाईंनी समासात 'निष्कर्ष कच्चा' म्हणून एक ग्रेड कापली. ब्रिस्टलची जागा थोडक्यात वाचली. काकांना मात्र किती आनंद झाला होता!

नव्वदच्या दशकात काका गेले. शोकसभेत बुद्धवंदनेनंतर एकेक जण बोलायला उठला. काका गोड होते, काका शांत होते, काकांचा सगळ्यांवर विश्वास होता. काकू पहिल्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या. मला राहवेना. मी उठले.

"काकांचा कोणावरही विश्वास नव्हता. माझ्यावरसुद्धा. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीला पत्र पाठवून डिग्री खरी आहे का ते विचारलं होतं."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग काकू वळल्या.

"अगं, चहात साखर घातली का, हे मला चाळीस वर्षं रोज दोनदा विचारायचे," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हमसून रडल्या.