ईशान्येची हवा

माझ्या काकांनी वाऱ्याची जेवढी काळजी वाहिली, तेवढी हवामान खात्यानेही कधी वाहिली नसेल. ज्या लातुरात उन्हाळ्यात कुलरसुद्धा दमतो, तिथे त्यांनी घरातल्या एका खोलीत केशर लावायला घेतलं. ती खोली नांदेडला दिलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी राखलेली. काकूंनी बजावलं, "दिवाळीपर्यंत फूल दिसलं तर बरं. न्हाई तर तुमचं समदं गच्चीवर."

मी तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते. काकांनी भिंतींवर खडूने वायरिंग आखलं. दिव्यांना वेगळी लाइन, एसीला वेगळी, आणि घरातला एकुलता एक इन्व्हर्टर केशराला. वीज गेली की आम्ही मोबाइलच्या उजेडात जेवायचो. पलीकडच्या खोलीत केशराचे कंद दिव्यांच्या जांभळ्या प्रकाशात निवांत पडलेले असायचे. वायरमन म्हणाला, ताजी हवा पश्चिमेच्या खिडकीतून घ्या. काका म्हणाले, "हवा ईशान्येचीच पाहिजे. वास्तूचा काई इचार हाय का न्हाई?" आणि त्यांनी ईशान्येच्या भिंतीला भोक पाडून हवा आत ओढणारा पंखा बसवला. त्या भिंतीपलीकडे काकूंचा गॅस होता.

पहिल्याच दिवशी मिरचीची फोडणी थेट केशरावर गेली. काका ठसकत बाहेर आले, पण भोक बुजवेनात. त्यांनी नियम केला: फोडणी टाकण्याआधी आवाज द्यायचा, मग ते पंखा बंद करणार. काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मला मोठ्याने बोलणं जमत नाही, त्यामुळे काकू घरी नसल्या की मी बिनफोडणीचं वरण खायचे.

दिवाळीला नुसते हिरवे कोंब आले. काकू म्हणाल्या, "ही तर कांद्याची पात हाय." काकांनी मुकाट्याने ट्रे गच्चीवर नेले, दिवे उतरवले. पंखा तेवढा ठेवला. मग लेक आली, बाळ झालं, आणि बाळाला ठसका लागू नये म्हणून आवाज देणं चालूच राहिलं.

बाळ नांदेडला गेलं, त्या दिवशी काकूंनी न बोलताच फोडणी टाकली. रिकाम्या खोलीत बसलेले काका खोकत म्हणाले, "आवाज दिला न्हाईस."

"आता कुणासाठी देऊ?"



दुसऱ्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे होता. तेल तापलं. मी भोकाजवळ तोंड नेऊन, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "काका, फोडणी."

भिंतीपलीकडचा पंखा हळूहळू थांबला.