करवंदाची गोळी आणि माझं सरकारी मराठी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला माझं कौतुकही ऐकवायचं आहे. कॉलेजच्या जाहिरात स्पर्धेत माझ्या जाहिरातीचा पहिला नंबर आला, हे खरं. पण त्यात मी ठरवलेलं काहीही घडलं नाही, हेही तितकंच खरं!

मी शिकते महाडला. घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. आमची आय आणि तिच्या बचत गटातल्या बायांनी यंदा पहिल्यांदाच करवंदाचा रस गुळात आटवून गोळ्या केल्या. हरभऱ्याएवढ्या, आंबटगोड. पण स्टँडवरचा दुकानदार बरणी ठेवून घेईना. "नाव नाय, गाव नाय, कोण घेणार?" म्हणाला. आय तशीच पिशवी घेऊन परत आली आणि ती न उघडताच चुलीपुढे बसली. मला ते बघवेना. म्हटलं, स्पर्धेसाठी जाहिरात करायचीच आहे, तर याच गोळीची करू आणि नेऊन दाखवू त्याला!

पटकथा तर काय झकास लिहिली होती! शाळेच्या पटांगणात सगळी वाडी जमते, जो तो गोळी तोंडात टाकतो, डोळे मिटतो आणि चेहऱ्यावर रानातलं सुख पसरतं. मोबाइलवर शूटिंग करायला माझ्या वर्गातला ओंकार दासगावहून येणार होता. राहिलं होतं फक्त माणसं जमवणं. मी वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निरोप टाकला. दिग्दर्शिकेचा निरोप म्हणजे भारदस्त नको का? "उद्या सकाळी नऊ वाजता शाळेच्या पटांगणात गोळ्यांचे वाटप होईल. लहानथोर सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे. चित्रीकरण करण्यात येईल."

आता मला सांगा, असलं मराठी आमच्याकडे कोण लिहितं? सरकार! आणि सरकार गोळ्या कसल्या वाटतं? हत्तीपायाच्या!

हत्तीपाय होऊ नये म्हणून आमच्याकडे आशाताई घरोघर गोळ्या घेऊन येतात. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, त्यांच्यासमोरच गिळायच्या आणि मग आ करून दाखवायचं. कारण गालात धरून मागच्या दारी थुंकणारे बहाद्दर कमी नाहीत.

सकाळी पटांगण भरलेलं बघून माझी छाती फुगली. गोळ्या चुकवायला निम्मी वाडी रानात पळाली होती, हे मला कुठे ठाऊक? आलेले सगळे भाकरी खाऊन, तांब्यात पाणी घेऊन आले होते. मला वाटलं, वा, किती विचारी माणसं, उन्हाची तयारी करून आलीत.

ओंकारने मोबाइल रोखला. मी ऐटीत "ॲक्शन" म्हटलं. वाडीतले सगळ्यांत वयस्कर धोंडूआबा पुढे आले. गोळी जिभेवर, वरून घटाघटा पाणी, मान मागे आणि मोबाइलसमोर हा एवढा आ! रानातलं सुख राहिलं बाजूला, पडदाभर नुसती पडजीभ. म्हटलं, आबा गडबडले असतील. तर मागच्या काकूंनीही तेच केलं. त्यांच्यामागची पोरं तर रांगेतच आ करून उभी.

"आबा, कशी लागली गोळी?" मी विचारलं.

"लागली नाय, गेली."

म्हातारीला चालवत नाही, तिच्यासाठी एक घरी दे, असंही वर म्हणाले. एका काकांना बीपीच्या गोळीबरोबर ही चालेल का, याची काळजी. आय कडेला उभी होती. तिच्या गोळ्या एकाही जिभेला पत्ता न लागता पोटात चालल्या होत्या. तिचा चेहरा उतरत चालला आणि मी वेड्यासारखी "चघळा, चघळा" ओरडत सुटले. चघळतंय कोण? कडू गोळी चघळायला माणसं काय खुळी आहेत?

तेवढ्यात खुद्द आशाताई तरातरा आल्या.

"माझ्या वाडीत मला न विचारता गोळ्या कोण वाटतंय?"

पोरांची तोंडं मिटली. मी तर ओंकारच्या मागेच लपले. आयने मात्र एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती निरखली, हुंगली आणि पाण्याशिवाय तोंडात टाकली. आधी हा गाल फुगला, मग तो. मग डोळे मिटले. सगळी वाडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगो, ही तर करवंदं हायत," त्या म्हणाल्या. "गिळताय काय येड्यांनो, चघळा."

मग जी झुंबड उडाली! डबा रिकामा झाला, रानात पळालेलेही परत आले. आणि ओंकारने, देव त्याचं भलं करो, मोबाइल एकदाही बंद केला नव्हता.

कॉलेजात आमची जाहिरात लागली आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. ही कल्पना सुचली कशी, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, निरीक्षणातून. स्टँडवरच्या दुकानदाराने ती जाहिरात पुन्हा पुन्हा लावून बघितली आणि बरणीसाठी गल्ल्याशेजारी जागा केली. तिथे बरणी ठेवताना आयने ती पदराने दोनदा पुसली. मला तिचा अभिमान वाटला आणि माझाही वाटला. का वाटू नये?

त्याच अभिमानात परवा मी धोंडूआबांना विचारलं, आता तरी सांगा, कशी आहे आमची गोळी?

आबांनी गुडघ्यावर थाप मारली. मग म्हणाले, "पहिली गिळायची दिलीस ना गो, ती झकास. गुडघ्याची कळ गेली. पण मागनं ती चघळायची दिलीस, तिला काय गुण नाय."