दाजींचा एकुलता अर्ज

सोलापूर जिल्ह्यात सरकारला कधीही नाही न म्हटलेला आणि सरकारचं काडीइतकंही न ऐकलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. बार्शीहून एस.टी.नं तासाभरावर त्यांचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन, मेंढरांचा कळप आणि शेताला लागून गावाचं गायरान. जीपमधून साहेब उतरला की दाजी टोपी सारखी करून पुढं व्हायचे आणि साहेबानं तोंड उघडायच्या आत "व्हय साहेब" म्हणायचे. "न्हाय म्हनलं की साहेब बसून ऱ्हातोय, मास्तर. व्हय म्हनलं की जीप हालती," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी बार्शीत शाळामास्तर, म्हणून सख्खा मेहुणा असूनही त्यांच्या लेखी मास्तरच.

संकरित ज्वारीचं बियाणं आलं तेव्हा दाजींनी ते रस्त्याकडेच्या चार ओळींत पेरलं, जीप थांबायची बरोबर तिथं. आत सगळी नेहमीची गावरान मालदांडी. साहेबांनी रस्त्यावरूनच पीक पाहून शाबासकी दिली, मग घरी येऊन आक्काच्या हातच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "संकरित ज्वारीला चव नाही म्हणणाऱ्यांना ही भाकरी खायला घाला." भाकरी अर्थातच मालदांडीची होती. दाजी म्हणाले, "व्हय साहेब."

पण ही सगळी सोंगं पोटापुरती. जीव तोडून सोंग वठवलं ते गायरानासाठी. त्या उघड्या माळावर दर पावसाळ्यात माळढोक यायचा. गावात त्याला हूम म्हणतात. जवळजवळ कमरेइतका उंच पक्षी. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून तो हूं हूं करत उभा राहिला की दाजी हातातला घास तसाच धरून बघत बसायचे. आक्का म्हणायची, "लग्नात माज्याकडं येवडं बगितलं न्हाय." एका वर्षी मादीनं जमिनीवर अंडं घातलं. ती एका वेळी एकच घालते. तर या माणसानं अंडं फुटून पिल्लू बाहेर येईपर्यंत मेंढरं लांबच्या वाटेनं फिरवली आणि स्वतः त्या बाजूला तोंड करून खोकलासुद्धा नाही.

मोठ्या दुष्काळात गावोगाव बांध घालायची कामं निघाली. चुन्याची आखणी नेमकी हूमच्या जागेवरून गेली. दाजी मुकादमाला "व्हय" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं शेंदूर फासलेला दगड उभा होता. म्हसोबाला वळसा घालून बांध पुढं गेला. फजिती अशी झाली की लोक त्या दगडापुढं खरोखरच नारळ फोडायला लागले. गर्दीनं पाखरू बुजेल म्हणून मग दाजींना गावभर सांगत फिरावं लागलं, की हा म्हसोबा कुणाच्या नवसाला पावत नाही.

आणीबाणीत झाडं लावायची मोहीम आली, तिथं मात्र म्हसोबाही हरला. "उत्तम, देवाभोवती झाडी हवीच," म्हणून साहेबांनी तिथूनच खड्डे खणायला सुरुवात केली. हूमला चहूकडं नजर पोचेल असं रान लागतं. झाडी झाली की तो जागा सोडतो. नुसत्या होकारानं हे निभणार नाही हे ओळखून दाजी आयुष्यात पहिल्यांदा सरकारशी खरं बोलायला निघाले. बाजाराच्या दिवशी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "लिवा. हितं हूम येतोय. झाडं लावू नगा. माळ हाय तसा ऱ्हाऊ द्या. बास."

मी मास्तर, माझं एवढ्यावर कसं भागणार? मी 'दुर्मिळ पक्षी' लिहिलं, 'राष्ट्रीय ठेवा' लिहिलं, आणि शेवटी झोकात लिहिलं की 'सदर जागा शासनाने ताब्यात घेऊन तिचे कायमचे संरक्षण करावे.' दाजींनी माझ्या अक्षराकडं कौतुकानं पाहिलं आणि न वाचता सही केली.

अर्ज कुणी वाचला नाही. झाडं लागलीच. मग दिल्लीतलं सरकार बदललं, पाठोपाठ मुंबईतलंही बदललं, आणि आधीच्यांच्या रोपांना पाणी घालण्यात नव्यांना काही गोडी उरली नाही. रोपं वाळली, हूम पुन्हा आला, दाजींनी आम्हाला पुरणपोळीला बोलावलं. पण आता वन्यप्राणी वाचवायचे वारे वाहत होते. कुठल्या तरी कपाटातून माझं सुंदर अक्षर बाहेर निघालं. नवे साहेब तो कागद घेऊन हसतमुखानं दाजींकडं आले. "तुमच्याच मागणीप्रमाणे," म्हणाले. गायरानाला तार लागली आणि चराई बंद झाली.

मेंढरं विकावी लागली. पुढच्या पावसाळ्यात गवत मांडीपर्यंत वाढलं, आणि हूम काही आला नाही. तारेपाशी उभे राहून दाजी मला म्हणाले, "मेंढरं गवत आखूड ठिवत व्हती. त्यात त्यो नाचायचा. मादीला दिसाय नगो का?" अर्जातलं जागा ताब्यात घ्यायचं ते वाक्य माझ्या मनचं होतं, हे मी तेव्हा त्यांना सांगून टाकलं. मला फार लाज वाटत होती. त्यांनी तारेत अडकलेला लोकरीचा पुंजका सोडवून घेतला. मग म्हणाले, "पाखरू ऱ्हायलं असतं, तर मेंढरं गेल्याचं मला कायबी वाटलं नसतं, मास्तर."

त्यानंतर दिवाळीत भेटले तेव्हा मात्र चेहरा उजळला होता. तीन कोसांवरच्या एका धनगराच्या पडीक रानात हूम दिसल्याचं कानावर आलं होतं, आणि दाजी पायी जाऊन बघून आले होते. सकाळपासून दुपारपर्यंत तिथं बसले होते म्हणे.

"धनगराला काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, मेंढरं चरू दे हितंच. पाखराचं कुनाला बोलू नगंस. आन् लेका, अर्ज तर अजाबात करू नगंस."

एवढं सांगून ते हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला हसू आलं नाही, पण तो हात मी बराच वेळ तसाच राहू दिला.